पणजीला कोण विचारतं?

गोव्याला जाऊन आलेला मराठी माणूस लांबूनच ओळखू येतो. नाकाचं साल निघालेलं असतं, अंगात माडांची चित्रं असलेला सदरा असतो आणि हातात काजूचं पाकीट असतं. ते आपल्या हातात देताना तो चेहरा असा करतो, की जणू झाडावर चढून बिया त्यानेच काढल्या आहेत. या माणसाला मी गेली काही वर्षं एकच प्रश्न विचारत आलो आहे. "पणजी पाहिलीस का?"

उत्तरं ठरलेली आहेत. "लागली ना वाटेत!" हे पहिलं. "तिथे काय आहे बघण्यासारखं?" हे दुसरं. आणि तिसरं माझ्या मेहुण्याने या मे महिन्यात दिलं. "पाहिली की दाजी! बोटीत बसायला तिथंच तर उतरलो होतो. पण पार्किंगची फार बोंब आहे हो तुमच्या पणजीत."

'तुमच्या' पणजीत म्हणण्याचं कारण असं, की २०१६ ते २०२१ अशी पाच वर्षं बँकेने मला तिथे ठेवलं होतं. मी साधा क्लार्क. बी.कॉम. झालेला. आमच्या बी.कॉम.ला इतिहास म्हणजे १९६९ साली बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं एवढाच. त्याच्या आधी जगात फक्त सावकार होते अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. तेव्हा मी कुणी इतिहासतज्ज्ञ म्हणून बोलतो आहे असं समजू नका. मी फक्त एक चिडलेला माणूस म्हणून बोलतो आहे, आणि चिडायला पदवी लागत नाही.

आपल्या मराठीत पणजी म्हणजे आजोबांची नाहीतर आजीची आई. गावाच्या नावाचा या नात्याशी काडीचा संबंध नाही, पण आपली वागणूक मात्र तंतोतंत तीच आहे. आमच्या गावाकडच्या घरात सोप्यातल्या खाटेवर पणजी बसलेली असायची. आलेला पाहुणा तिला वळसा घालून थेट आत जायचा, कारण चहा आत होता. सगळ्या घराचा हिशेब तिच्या डोक्यात होता. कुणाची जमीन कशी गेली, कुणाचं लग्न का मोडलं, सगळं. पण विचारणार कोण? ती गेल्यावर मात्र सगळे म्हणाले, "अरेरे, एकदा सगळं लिहून घ्यायला हवं होतं!" गोव्यात पर्यटक हेच करतो. पणजीला वळसा घालतो आणि थेट किनाऱ्यावर जातो, कारण 'चहा' तिकडे असतो.

आता खरं सांगून टाकतो. पहिलं वर्षभर मीही असाच होतो. राहायला रायबंदरला, कारण तिथे खोली स्वस्त. बँक पाटोला. रोज बसला लोंबकळत जायचं, दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजायचे आणि संध्याकाळी लोंबकळत परत. सांगलीचा माणूस मी. मासळीतलं कळत नाही, समुद्रात उतरायची भीती वाटते आणि उरलेलं तिसरं जे गोव्यात मिळतं त्याला घरून परवानगी नाही. त्यामुळे गोवा माझ्यावर फुकट गेला असंच सगळ्यांचं मत होतं.

मग एके दिवशी पेन्शनच्या रांगेत एक रिटायर्ड मास्तर आले. पासबुक भरता भरता विचारते झाले, "बाब, तूं खंय रावता?" मी म्हटलं, रायबंदरला. "म्हणजे रोज पोंत द लिन्यारिसवरून येतोस!" मला वाटलं बसच्या कंपनीचं नाव असेल. तेव्हा त्यांनी सांगितलं, की मी ज्या रस्त्यावरून रोज कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून भांडत येतो, तो पणजी ते रायबंदर असा जवळजवळ तीन किलोमीटरचा रस्ता म्हणजे दलदलीवर घातलेला पूल आहे. लिन्यारिस नावाच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने तो १६३३-३४ साली बांधून घेतला. म्हणजे शिवाजी महाराज तेव्हा शिवनेरीवर तीन-चार वर्षांचे होते! त्या पुलावरून आज बसेस, ट्रक आणि माझ्यासारखे लोंबकळणारे क्लार्क जातात. आणि आपण मुक्तीनंतर मांडवीवर बांधलेला मोठा पूल? तो पंचविशीही न गाठता ५ जुलै १९८६ला कोसळला, आणि लोक पुन्हा फेरीबोटीत बसले. हे ऐकून मास्तरांच्या पासबुकात मी एक नोंद चुकीची केली. त्यांनी ती दाखवून दिली. मास्तर ते मास्तरच.

त्या दिवसापासून मी पणजीत चालायला लागलो. दुपारी एक वाजला की अर्धं शहर दुकानाची फळी ओढून झोपतं. मी अर्ध्या तासाच्या सुट्टीत डबा खाऊन एकेक गल्ली बघायचो. आणि मला कळलं, की हे शहर मुळात राजधानी व्हायला निघालेलंच नव्हतं. पोर्तुगीजांनी १५१० साली आदिलशहाकडून गोवा घेतला आणि मांडवीवर आत, आज ज्याला आपण ओल्ड गोवा म्हणतो तिथे मोठं थोरलं शहर वसवलं. पण तिथे रोगराईच्या साथींवर साथी आल्या. आपल्याकडे साथ आली की शाळेला सुट्टी देतात. त्यांच्याकडे हळूहळू राजधानीच हलली. १७५९ साली व्हाइसरॉय पणजीत राहायला आला आणि १८४३ साली पणजी रीतसर राजधानी झाली. व्हाइसरॉय येऊन कागदोपत्री हुकूम निघायला ८४ वर्षं! आमच्या बँकेत बदलीच्या ऑर्डरी उशिरा येतात म्हणून मी तक्रार करायचो, ती त्या दिवसापासून बंद केली.

आणि व्हाइसरॉय राहायला आला कुठे? तर आदिलशहाच्याच वाड्यात! नदीकाठी आजही तो उभा आहे. आधी सुलतानाचा वाडा, मग व्हाइसरॉयचा, मग सचिवालय. गोव्याची विधानसभासुद्धा पर्वरीला नवी इमारत होईपर्यंत, म्हणजे २००० सालापर्यंत तिथेच भरायची. पाचशे वर्षं जी इमारत सतत सरकारी कामात आहे, तिच्यासमोर उभा राहून आपला पर्यटक विचारतो, "इथे टॉयलेट कुठे आहे?"

वाड्याच्या शेजारी एक पुतळा आहे. झगा घातलेला एक उग्र माणूस हात पसरून उभा आणि त्याच्यापुढे एक बाई निपचित पडलेली. मेहुण्याला वाटलं, हा कुणी मांत्रिक आहे. हे आबे फारिया. जन्म १७५६, आपल्या याच कांदोळीचा. पॅरिसला जाऊन त्यांनी संमोहनविद्येत नाव काढलं, आणि सगळी करामत संमोहन करणाऱ्याच्या हातात नसून करून घेणाऱ्याच्या मनात असते, हे त्या काळात ठासून सांगितलं. अलेक्झांडर ड्यूमाने त्यांना आपल्या 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो'त कैदी करून अमर केलं. त्यांची एक गोष्ट गोव्यात सांगतात. लिस्बनला राणीपुढे प्रवचन द्यायला तरुण फारिया उभे राहिले आणि ती सगळी बडी मंडळी बघून त्यांची बोबडीच वळली. तेव्हा खाली बसलेले वडील कोकणीत पुटपुटले, की पोरा, ही सगळी भाजी आहे, काप रे भाजी! आणि फारियांनी कापली. विभागीय कार्यालयातून साहेब तपासणीला आले की मी आजही मनात हाच मंत्र म्हणतो. आजवर भाजी कापली गेलेली नाही, पण पाय थरथरायचे थांबले. बोला, कांदोळीच्या किनाऱ्यावर छत्रीखाली पडून राहणाऱ्या किती जणांना ही विद्या मिळाली?

अशी किती सांगू? नगरपालिकेची जी बाग आहे, ती गार्सिया द ऑर्ताच्या नावाची. या वैद्याने इथल्या औषधी वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. माणूस मूळचा ज्यू घराण्यातला. तो मेल्यावर इन्क्विझिशनने १५८० साली त्याची हाडं उकरून जाळली. आणि आज त्याच्याच नावाच्या बागेत म्हातारे दाणे खात बसतात. त्या इन्क्विझिशनच्या वाड्यातला ख्रिस्त फोंतेन्हासच्या छोट्या सेंट सेबॅस्टियन चॅपेलमध्ये आहे. इतर ठिकाणी क्रुसावरच्या ख्रिस्ताचे डोळे मिटलेले असतात, मान कललेली असते. याचे डोळे उघडे आहेत. त्याने जे पाहिलं असेल ते पाहिल्यावर डोळे मिटणार तरी कसे?

शिवाय नदीजवळच्या मेनेझिस ब्रागांझा संस्थेत शिरा. दारातच निळ्या-पांढऱ्या फरश्यांवर वास्को द गामाच्या सफरीचं अख्खं महाकाव्य चितारलेलं आहे, १९३५ सालचं. तिकीट नाही, रांग नाही. सरकारी ग्रंथालय १८३२ साली सुरू झालेलं. आता पाटोला नव्या इमारतीत आहे, माझ्या बँकेपासून चालत पाच मिनिटांवर. मी तिथे वर्षभर गेलो नव्हतो हे आधीच कबूल केलेलं आहे, पुन्हा लाजवू नका.

आता मेहुणा काय म्हणतो तेही सांगायला हवं, नाहीतर भांडण एकतर्फी होईल. तो म्हणतो, "दाजी, माणूस वर्षभर घासतो आणि चार दिवस मोकळा होतो. त्याला समुद्रात डुंबू द्या की. सुट्टीत पण सनावळ्या पाठ करायच्या का?" हे मला मान्य आहे. समुद्राशी माझं वैर नाही. पण समुद्र रत्नागिरीलाही आहे, मालवणलाही आहे, आणि मेहुण्याला मोकळं व्हायला जे लागतं ते सांगलीतही मिळतं, फक्त थोडं महाग. गोव्यात येऊन जर गोव्याचं असं काही पाहायचंच नसेल तर पेट्रोल का जाळायचं? चार दिवसांतले तीन तास मी मागतो आहे. पगारातून प्रॉव्हिडंट फंडही याहून जास्त कापतात.

पण दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. आमच्या शाखेतलेच एक सहकारी तो घ्यायचे. "कशाला बघायचं ते? सगळ्या गुलामीच्या खुणा!" याच्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. ते मला २०१८ साली मिळालं, आणि ते माझं नाही, माझ्या मामांचं आहे.

मामा तेव्हा ८१ वर्षांचे. १९५५ साली गोवा सत्याग्रहात गेलेले. अठरा वर्षांचं पोर, मॅट्रिक झालेलं, घरी न सांगता तुकडीबरोबर निघालं. १५ ऑगस्टला बांद्याच्या पुढे हद्द ओलांडली. त्या दिवशी पोर्तुगीजांनी निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या, कितीतरी जण मेले. मामांच्या वाट्याला बंदुकीचे दस्ते आले. मारून मारून त्यांना हद्दीच्या अलीकडे फेकून दिलं. तेव्हापासून त्यांचा डावा हात खांद्याच्या वर गेला नाही. आमची आई सांगायची, दादाला कपडे वाळत घालायला सांगू नये. आम्हा पोरांना त्याचं कारण पुष्कळ उशिरा कळलं. १९६१ साली गोवा मुक्त झाला, पण मामा शाळेतली नोकरी, चार मुलं आणि कर्जाचे हप्ते यांतून कधी मुक्त झाले नाहीत. गोव्याला यायचं राहूनच गेलं. भाच्याची बदली झाली म्हणून आले.

मी म्हटलं, "मामा, आधी मंगेशीला जाऊ, मग कोलव्याला समुद्र बघू."

"ते नंतर," मामा म्हणाले. "आधी पणजी दाखव. आम्ही पणजीलाच निघालो होतो."

रविवार होता. सचिवालयाचा जुना वाडा बंद. मामा पायऱ्यांशी उभे राहून बराच वेळ वर बघत होते. पहारेकरी अदबीने म्हणाला, "आज बंद असा आजोबा, भितर वचपाक जायना."

"असू दे," मामा म्हणाले. "पंचावन्न सालीही आत जाऊ नका असंच म्हणाले होते. पण ते जरा जोरात म्हणाले होते."

पहारेकऱ्याला काही कळलं नाही. मला हसू आलं आणि लगेच गेलं. मग मामांनी पाठ वळवून नदीकडे पाहिलं. मांडवीत कॅसिनोच्या बोटी नांगरलेल्या होत्या. "या कसल्या?" त्यांनी विचारलं. मी खाली मान घालून सांगितलं, "जुगाराच्या." "तिथे आत सोडतात?" "पैसे भरले की सोडतात." मामा म्हणाले, "मग आम्ही चुकीच्या दाराने आलो होतो!" आणि असे हसले, की पहारेकरीही हसला.

नंतर त्यांना आझाद मैदानात नेलं. तिथे खांबांवर उभा असलेला एक मंडप आहे, १८४७ सालचा. त्यात पूर्वी अल्बुकर्कचा पुतळा होता. १५१०चा तो विजेता. मुक्तीनंतर त्याची बदली जुन्या गोव्याच्या म्युझियममध्ये झाली. मंडप मात्र कुणी पाडला नाही. आता तिथे त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांचं स्मारक आहे. पोर्तुगीजांनी ज्यांना कैद करून पोर्तुगालला धाडलं ते गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्याचे जनक. तिथे बाकावर बसून मी सहकाऱ्याचा तो आक्षेप मामांना सांगितला. मला वाटलं होतं, मामा म्हणतील, बरोबर आहे त्याचं.

मामांनी डावा हात उजव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला. "मला दगडांनी मारलं नव्हतं रे," ते म्हणाले. "शिपायांनी मारलं होतं. ते गेले. हे दगड इथल्याच माणसांनी वाहिलेत, त्यांच्यावर कशाला राग धरायचा? आणि बघायलाच नको म्हणालात, तर आम्ही कुणाशी भांडलो ते तुमच्या पोरांना सांगणार कसं?"

मग मी आणखी एक जुनी खपली काढली. १६ जानेवारी १९६७चा सार्वमताचा कौल. गोवा महाराष्ट्रात घालायचा की वेगळा ठेवायचा, याच्यावर १,३८,१७० मतं विलीनीकरणाला पडली आणि १,७२,१९१ विरोधात. ३४,०२१ मतांनी आपण हरलो. मामा विलीनीकरणवाले होते, हे मला ठाऊक होतं. म्हटलं, "वाईट वाटलं असेल."

"दोन दिवस जेवलो नाही," मामा म्हणाले. "मग मामी म्हणाली, तुम्ही मार खाल्ला तो त्यांना मत देता यावं म्हणूनच ना? मग त्यांनी मत दिलं तर तोंड का वाकडं करता? म्हटलं, वाढ."

मामा २०२० साली गेले. तेव्हापासून "तिथे काय आहे बघण्यासारखं?" हा प्रश्न मला साधा प्रश्न म्हणून ऐकूच येत नाही. ज्या गावापर्यंत पोचायला लोकांनी हात मोडून घेतले, त्या गावात आपण चार पदरी रस्त्याने, गाणी लावून, अर्ध्या दिवसात पोचतो आणि थांबतही नाही. इतिहास नको असेल तर नको. पण निदान पाहुण्याची रीत तरी? ३४,०२१ मतांनी त्या घराने सांगितलं, की आम्ही वेगळी चूल मांडतो. मांडली. १९८७ साली त्यांचं राज्यही झालं. आता आपण तिथे पाहुणे आहोत, आणि पाहुण्याने उंबरा ओलांडला की आधी सोप्यातल्या म्हातारीला वाकून नमस्कार करायचा असतो. चहा नंतर. 'चहा' तर पुष्कळच नंतर.

नमस्कार म्हणजे काय, तेही सांगून ठेवतो, कारण आपल्याकडे हल्ली नमस्कार म्हणजे फोटो. फोंतेन्हासच्या गल्ल्यांत पिवळी, निळी, लाल घरं आहेत. त्या घरांतून माणसं राहतात; त्यांच्या गॅसवर डाळ असते, मुलांची परीक्षा असते, आजी आजारी असते. आणि बाहेर त्यांच्या पायरीवर आपली एखादी नवपरिणीत वहिनी टोपी घालून एक पाय वर करून उभी असते. शेवटी वैतागून लोकांनी दारांवर पाट्या लावल्या, कृपया फोटो काढू नका. पणजीला नमस्कार करा म्हटलं तर आपण तिच्या मांडीवर उभे राहिलो!

हे सगळं मी मेहुण्याला या मे महिन्यात सविस्तर ऐकवलं. मामांचं ऐकून तो गप्प झाला. मनाचा चांगला आहे तो. दिवाळीत पुन्हा गोव्याला निघाला तेव्हा स्वतःहून म्हणाला, "दाजी, या वेळी पहिल्यांदा पणजी. शब्द दिला." मी त्याला कागदावर क्रमाने सगळं लिहून दिलं. खाली सही करून तारीखही घातली, सवयीने.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी त्याचा मोबाइलवर फोटो आला. पिवळ्याधमक घराच्या पायरीवर तो, त्याची बायको आणि दोन्ही मुलं ओळीने उभी. खाली लिहिलं होतं, "पणजी झाली!"

फोटो फार स्पष्ट आला आहे. त्याच्या डोक्यामागची पाटीसुद्धा अगदी स्वच्छ वाचता येते.